जवसाचं वावर आणि जवाईबापूंची आंघोळ

आमच्या कौतिकासाठी धनजचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं, मुलगा मुंबईत शिकलेला आहे, अकोल्याला शाळेत ड्राइंग मास्तर आहे. मास्तर म्हटल्यावर मी पुढचं काही विचारलं नाही. मास्तर छडी घेऊन उभा राहतो आणि पोरं घाबरतात, एवढं मला ठाऊक. ड्राइंग म्हणजे काय, ते लग्न लागून गेल्यावर कळलं.

पहिल्या संक्रांतीला मी लेक-जवायाला आमच्या अनसिंगला बोलावून घेतलं. गोपीचंदराव बैलांच्या दमणीतून उतरले ते एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात तीन टांगांची लाकडी घोडी आणि काखेत मांजरपाट ठोकलेल्या चौकटी. माझी चुलतजाऊ तुळसाबाई शेजारीच राहते. तिनं भिंतीवरून मान काढली.

"काय वो जाऊबाई, जवाई सुतारकाम करते काय?"

"तुहा करत असन," मी म्हटलं. "माहा मास्तर हाय."

बोलून तर गेले, पण मनात पाल चुकचुकली.

कौतिका आमची एकुलती. साठ एकर काळी जमीन, तीन बैलजोड्या, बारमाही पाण्याची विहीर, आणि हे सगळं बघायला पुढं कोणी नाही. माझ्या मनात लग्नाआधीपासून एकच होतं. जवायानं ती मास्तरकी सोडावी, घरजवाई होऊन अनसिंगात राहावं, आणि पोरगी माझ्या डोळ्यांसमोर असावी. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. फक्त मालकांना रोज सांगत होते.

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी जवाई लोटा घेऊन वावराकडे गेले. माणूस सकाळी लोटा घेऊन वावराकडे कशाला जातो, ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. जवाई घटकाभरानं धावत परत आले आणि लोटा भरलेला तसाच!

"मामी, ते निळं काय हाय?"

"कोणतं निळं?"

"विहिरीपल्याडचं. सारं वावर निळं हाय. आभाळ खाली सांडल्यावानी."

"जवस हाय ते," मी म्हटलं. "तुमाले जायचं होतं तिकडे आधी जाऊन या, बाप्पा."

ते कुठले जातात! लोटा तुळशीपाशी ठेवला आणि घोडी उचलून पुन्हा पळाले. पण जवसाच्या फुलाचा एक स्वभाव आहे. ते उन्हासोबत उघडतं आणि जेवणवेळेच्या आत पाकळ्या गाळून मोकळं होतं. सकाळी तळं, दुपारी नुसतं हिरवं तण. जवाई तिकडे चौकट लावून, रंग काढून तयार होतात तोवर निळं संपत आलं होतं. तोंड एवढंसं करून परत आले.

जेवताना तिळाची भाकरी हातात धरून म्हणाले, "मामी, मले तुमाले अन् मामंजींले एक सांगाचं हाय."

त्यांचे मुंबईचे एक जुने गुरुजी होते. त्यांची चिठ्ठी आली होती. खोलीत बसून नव्हे, उघड्यावर, उन्हात उभं राहून काढलेलं एक चित्र रथसप्तमीच्या आत घेऊन ये. मनास आलं तर माझ्याजवळ कामाला जागा देतो, राहायला खोली देतो.

"मुंबईले?" माझ्या हातातलं तूप थांबलं. "अन् कौतिका?"

"माह्यासोबत."

"अन् चित्र नाई जमलं तं?"

जवायानं भाकरी खाली ठेवली. "नाई जमलं तं कुंचला ठेवून देतो. दोन सालं झाली, शाळेत पोरांले कागदावर आंबा अन् सुरई काढाले शिकवून राह्यलो. मग तुमी म्हणता तसं. इथंच वावर पाहतो."

म्हणजे मालकांनी सांगून टाकलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी भाजीत मुंडी घातली.

"मालक, तुमी साक्षी बरं," मी म्हटलं, आणि जवायाच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

आता खरं ते लिहिते. मी कोणाच्या वाटेत काटे टाकणारी बाई नाही. मी फक्त जवायाचा मान केला. दुसऱ्या दिवशी संक्रांत. पहाटे न्हाव्याला बोलावलं, जवायाला चौरंगावर बसवलं, तीळ वाटून अंगाला लावायला सांगितलं. न्हावी आमचा सावकाश हाताचा. मग ऊनऊन पाण्यानं न्हाणं. मग ओवाळणं. मग शेवया, दूध, तिळाच्या पोळ्या, त्यावर तूप. पहिल्या संक्रांतीचा जवाई "पुरे" कसा म्हणेल? म्हणाला तर सासरचा अपमान. हात धुवून ते वावरात पोचले तेव्हा सगळ्या पाकळ्या खाली.

तिसऱ्या दिवशीही न्हावी. चौथ्या दिवशी मी न्हाव्याला म्हटलं, "पाठ बराबर रगड गड्या, जवाईबापूची मेहनत होऊन राह्यली." पाचव्या दिवशी कौतिका चुलीपाशी बसून म्हणाली, "माय, एवढा मान तं देवाचाबी नसते कोणी करत."

"मंग काय उपाशी ठेवू?"

तिनं एक लाकूड चुलीत सारलं. पण पोरगी माझीच. सहाव्या दिवशी न्हावी आला, चौरंग मांडला, पाणी तापलं, आणि जवाई घरात नाहीत. अंधार असतानाच कौतिकानं त्यांना मागच्या दारानं पसार केलं होतं. पारोसा, बिनचहाचा जवाई! तुळसाबाईला कळलं असतं तर गावभर झालं असतं. मी न्हाव्यालाच चहा पाजला आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

तासाभरानं आमचा सालदार गडी भाऊसिंग दूध घेऊन आला आणि हसू दाबत उभा राहिला.

"काय झालं?"

"काई नाई मालकीणबाई. जवाईबापू जवसात उभे राहून हात हालवून राह्यले. दोन पावलं पुढं जातेत, कुंचला टोचतेत, दहा पावलं मागं पळतेत. पुन्हा पुढं. शेजारच्या जोंधळ्यावर आज एक पाखरू बसलं नाई. म्या म्हनतो, राहू द्या त्याईले सुगीपर्यंत."

माझ्या जवायाचं बुजगावणं केलं मेल्यानं. भाकरी-चटणी फडक्यात बांधली आणि मीच निघाले.

लांबून पाहिलं तर खरंच तसंच. डोक्याला रुमाल, नाकाला हिरवा रंग, आणि तोंडानं पुटपुटणं. जवळ गेले. घोडीवर चौकट, तिच्यावर रंगांचे नुसते थोपटे. शेणाच्या गोवऱ्या भिंतीवर थापतात तसे. एक निळा, एक जांभळा, एक पिवळा.

"जवाईबापू, वावर कोठी हाय याच्यात?"

"येऊन राह्यलं, मामी. बोलू नका. ऊन पळून राह्यलं."

मला "बोलू नका" म्हणणारा माणूस अनसिंगात अजून जन्मायचा आहे. पण त्याचा चेहरा पाहून मी गप्प बसले. घरी पाटावर बसलेला, "हो मामी, पुरे मामी" करणारा माणूस हा नव्हता. विहिरीवर मोट चालू असताना बैल हाकणाऱ्याचं जसं दोरावरून ध्यान हलत नाही, तसं त्याचं होतं.

पण किती वेळ गप्प बसणार? धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, सावलीच्या जागी त्यानं जांभळा रंग लावला, तेव्हा मी म्हटलं, "सावली काळी असते. हे तं वांगं हाय."

"डोळे बारीक करून पाहा."

"डोळे बारीक करून मी फक्त कापसाच्या दलालाकडे पाहते."

"मंग धुऱ्याले दलाल समजा."

हसू आलं म्हणून पाहिलं. आणि बाई, ती सावली वांग्याच्याच रंगाची होती. चाळीस सालं त्या धुऱ्यावरून चालते आहे, एकदाही ती कोणी मला सांगितली नाही. मला रागच आला. धुऱ्याचा.

एवढ्यात पाकळ्या गळायला लागल्या. जवायानं एक कालथ्यासारखी सुरी काढली आणि सगळं चित्र खरवडून टाकलं.

"अगं माय! काहून?"

"खोटं झालं. उन्हाचं एक अन् माह्या मनाचं एक."

दुसऱ्या दिवशीही खरवडलं. तिसऱ्या दिवशीही. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरवडलेला रंग मला ताटातला भात सांडल्यासारखा दिसायचा, हेही लिहून ठेवते.

मग त्यांचं तेल नासलं. अकोल्याहून आणलेल्या बाटलीतलं तेल घट्ट होऊन वास मारत होतं. त्यात रंग घोटायचे म्हणे.

"कायचं तेल हाय हे?" मी विचारलं.

"जवसाचं."

मी कपाळावर हात मारला. "घरात जवसाच्या तेलाचा डबा भरलेला, अन् तुमी दुकानातलं नासकं घेऊन फिरता? अन् काढून काय राह्यले, तं जवसच! म्हणजे जवसाच्या तेलात जवस तळणं झालं की!"

ते एवढे हसले की कुंचला खाली पडला. मी आमच्या तेल्याच्या घाण्याचं ताजं तेल वस्त्रगाळ करून काचेच्या बरण्यांत भरलं आणि गच्चीवर उन्हात ठेवून दिलं. लोणच्याला मी असंच निवळून घेते. चार उन्हांत वरचं तेल पाण्यासारखं झालं. जवायानं एक थेंब नखावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "मामी, मुंबईले असं भेटत नाई."

मालक ओसरीवरून बोलले, "तू त्याचं चित्र बुडवून राह्यली का तारून राह्यली?"

"तुमी भाजीत मुंडी घाला," मी म्हटलं.

त्या तेलावर चौथं चित्र सुरू झालं. हे त्यांनी खरवडलं नाही. रोज सकाळी तेवढाच घटकाभर काम, ऊन चढलं की थांबायचं. बाकीचा दिवस ओसरीवर चित्रासमोर बसून राहायचं. कौतिका कुंचले रॉकेलात धुवायची. ते डुकराच्या केसांचे आहेत हे मला कळलं त्या दिवसापासून त्यांना चुलीच्या बाजूला यायची बंदी केली. वावरात मात्र निळं विरळ होत चाललं होतं. खाली बोंडं धरत होती. फार तर दोन-तीन सकाळी उरल्या होत्या.

त्यातच मी हळदीकुंकू ठेवलं. रथसप्तमी चार दिवसांवर. जवाई तेव्हा मालकांसोबत वाशीमच्या स्टेशनावर गाडीची वेळ विचारायला गेले होते. चित्र ओसरीत घोडीवर होतं. वीस-पंचवीस बाया आल्या, आणि कोणी वाणाकडे पाहीना. सगळ्या चित्राला नाक लावून उभ्या.

तुळसाबाई म्हणाली, "जवसाचं वावर काढलं म्हणता? मले तं शेवाळलेलं डबकं दिसते."

दोघी-तिघी पदरात हसल्या.

"भैस बसवा त्याच्यात एखादी," ती पुढं म्हणाली, "म्हणजे बराबर होईन."

आता पाहा. चित्र बुडावं असं मलाच वाटत होतं. पण ते तुळसाबाईनं बुडवावं? माझ्या ओसरीत?

"नाक लावून भाकरीबी काळीच दिसते," मी म्हटलं. तिचा दंड धरला आणि ओढत दारापर्यंत, पार अंगणाच्या कडेला नेलं. "पाहा आता इथून. अन् डोळे बारीक कर."

तिच्यासोबत मीही पाहिलं. एवढ्या लांबून मी तोवर ते पाहिलंच नव्हतं. थोपटे सगळे गेले. वावर होतं. आमचं विहिरीपल्याडचं वावर, दव उडायच्या आतलं, आणि निळं असं की आता कोणी हाक मारली तर गळून पडेल. गार वारासुद्धा अंगावर आल्यासारखा वाटला.

तुळसाबाई म्हैस विसरून तशीच डोळे बारीक करून पाहत राहिली. तेवढंच माझं वाण.

मग मी काय केलं, ते माझ्या हातांनी केलं, डोक्यानं नाही. माझं मन भरून आलं होतं, आणि हातात करंडा होता. संक्रांतीच्या दिवसांत घरातल्या जात्याला, उखळाला, विहिरीला हळदकुंकू लावते, तसंच मी पुढं होऊन त्या वावरालाही लावलं. धुऱ्यापाशी. एक बोट हळदीचं, एक कुंकवाचं.

बोट आत रुतलं. रंग ओला होता.

बाया गेल्यावर मी चित्रासमोर आले. निळ्याच्या कडेला पिवळा आणि लाल, दोन डाग. माझ्या हातात फडकं होतं. पुसलं असतं तर सगळंच फरफटलं असतं. नवीन काढायला फुलं उरली नव्हती. चित्र गेलं, मुंबई गेली, पोरगी अनसिंगात. आणि कोणी मला दोष दिला नसता. मी तर डाग पुसत होते, असं म्हटलं असतं.

कौतिका दारात उभी होती. "माय," ती म्हणाली, "मी इथं राहावं असं तुले वाटते, हे मले ठाऊक हाय. पण अकोल्याले हे आठ-आठ दिस मुके राह्यतात. शाळेतून येतात, भिंतीकडे पाहतात. इथं येऊन पंधरा दिसांत माह्यासोबत जेवढे बोल्ले, तेवढे लग्नापासून नाई बोल्ले."

मी फडकं खुंटीला लावलं.

संध्याकाळी दमणी आली. जवाई पाय धुवायच्या आत मीच सांगितलं. "तुमच्या चित्राले हळदकुंकू लागलं. म्या लावलं."

ते चित्रासमोर गेले. दहा पावलं मागं आले. डोळे बारीक केले. मालक घसा खाकरायला लागले.

"कायले लावलं, मामी?"

"माह्या घरात या दिसांत जे उभं राह्यते त्याले लागते. तुमच्या घोडीलेबी लावलं हाय, पाहा."

त्यांनी घोडीचा पाय पाहिला. लागलं होतं. मग पुन्हा चित्राकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "सारं निळं निळं करून बसलो होतो. म्हणून निळं दिसूनच नव्हतं राह्यलं. मामी, चित्र अळणी होतं."

"मंग आता?"

"उद्या सकाळी तुमी धुऱ्यावर येऊन उभ्या राहा. ते हळदीवानी पिवळं लुगडं नेसून."

मी रात्रीच नथ पेटीतून काढून ठेवली. सकाळी हळदीचं नागपुरी लुगडं, लाल पदर, पाटल्या, गोठ, सगळं घालून धुऱ्यावर उभी राहिले. मालकांनी विचारलं, लग्न कोणाचं आहे. भाऊसिंग बैल सोडून पाहत बसला. वावरात फुलं उरली होती ती मोजून घ्यावीत एवढी. घटकाभर मी पापणी हलवली नाही. जवाई आज मागं पळत नव्हते, पुटपुटत नव्हते. थोडंच काम केलं आणि कुंचला पुसून म्हणाले, "झालं."

मी गेले पाहायला. माझंच एक बोट हळदीचं, माझंच एक कुंकवाचं. खाली वांग्याच्या रंगाची जराशी सावली. बस.

"हे कोण हाय?"

"तुमी."

"माह्यं नाक कोठी हाय? नथ कोठी हाय?"

"मामी, एवढ्या दुरून नाक दिसत नसते."

"माह्यं नाक साऱ्या पंचक्रोशीले दिसते!"

"म्हणूनच काढलं नाई," ते म्हणाले. "ज्याले त्याले ठाऊकच हाय."

त्या दिवशी कळलं की जवाई मुका नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. चित्र ओलंच होतं, त्याला काही लागू नये म्हणून मी कोंबड्या झाकायचं मोठं डालं त्यावर पालथं घालून दमणीत बांधलं. तुळसाबाई भिंतीवर होतीच.

"जाऊबाई, मुंबईले कोंबड्या धाडून राह्यल्या काय?"

"हो. तुह्या घरी अंडी पाठवीन."

स्टेशनावर कौतिका रडली. मी रडले नाही. मी जवायाच्या हातात उन्हात निवळलेल्या तेलाचा डबा दिला आणि बजावलं, "अर्धं भाकरीवर, अर्धं चित्रात. उलटं नका करू."

महिन्यानं कौतिकाचं पत्र आलं. मी तीन बुकं शिकलेली, मला वाचायला दुपार लागली. गुरुजींनी चित्र खूप वेळ पाहिलं म्हणे. मग विचारलं, ही धुऱ्यावरची बाई कोण? जवाई म्हणाले, माझी सासू. गुरुजी म्हणाले, जागेवर बरोबर उभी आहे. हिला हलवलं तर वावर पडेल. जागा मिळाली. खोली लहान आहे. कौतिकाला समुद्राचा वास सोसत नाही, पण जवाई दिवसभर बोलतात.

म्हणजे मी हरले. ते पत्र मी तुळसाबाईला तीनदा वाचून दाखवलं, "हिला हलवलं तर" इथं थांबून थांबून.

मालक आता विहिरीपल्याड कापूस टाकू म्हणतात. मी म्हणते, जवसच. दरवर्षी संक्रांतीला लेक-जवाई येतात. तिळाच्या पोळ्या होतात, ओवाळणं होतं, न्हावीही येतो. मानात मी काही कमी करत नाही. फक्त जवाई घरात असले की आमच्याकडे आंघोळीचं पाणी दुपारी तापतं.